नगरपालिकेतलं काम मार्गी लावायचं तर: घरपट्टी, नळजोड, गढूळ पाणी आणि अर्जाची पोहोच

अर्ज लिहायला बसण्याआधी तीन क्रमांक हाताशी ठेवा: घराचा मालमत्ता क्रमांक, नळजोडणीचा ग्राहक क्रमांक आणि प्रभाग क्रमांक. पहिले दोन मागच्या बिलावर किंवा पावतीवर सापडतात. नगरपालिकेत कारकून नाव शोधत नाही, क्रमांक शोधतो. एकाच आळीत एकाच आडनावाची वीस घरं असतात, आणि नावावरून शोधायला सांगितलं की काम उद्यावर जातं. नव्याने कर आकारणी झाली की मालमत्ता क्रमांक बऱ्याचदा बदलतो, म्हणून अर्जात जुना आणि नवा असे दोन्ही लिहावेत. जुन्या थकबाकीचे निम्मे घोळ या दोन क्रमांकांची सांगड न लागल्यामुळे होतात.

इथे लिहिलेलं आहे ते महाराष्ट्रातल्या नगरपरिषदा आणि नगरपंचायतींबद्दल, म्हणजे 1965 च्या नगरपरिषद अधिनियमाखाली चालणाऱ्या गावांबद्दल. लोकसंख्या एक लाखाच्या वर असेल तर 'अ' वर्ग, चाळीस हजार ते एक लाख 'ब' वर्ग आणि त्याखाली 'क' वर्ग. महानगरपालिकांचा कायदा वेगळा, तिथे आयुक्त असतो, इथे मुख्याधिकारी.

काम कोणाचं, ते आधी ठरवा

सगळे अर्ज 'प्रति, मा. मुख्याधिकारी' असेच लिहायचे. प्रशासन त्यांच्या हाताखाली चालतं: कर विभाग, पाणीपुरवठा, बांधकाम, आरोग्य, विद्युत, जन्म-मृत्यू नोंदणी, लेखा. नगराध्यक्ष आणि नगरसेवकांचं काम सभागृहातलं. फरक लक्षात ठेवायला सोपा आहे. असलेली वस्तू बिघडली (दिवा बंद, गटार तुंबलं, व्हॉल्व्ह गळतो) तर विभागाकडे जा. नसलेली वस्तू हवी असेल (नवी जलवाहिनी, नवं गटार, नवा खांब) तर त्याला अंदाजपत्रक, तरतूद आणि ठराव लागतो, तिथे नगरसेवकाला गाठा. डिसेंबर 2025 मध्ये राज्यातल्या नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या; त्याआधी बरीच वर्षं प्रशासकच कारभार बघत होते, त्यामुळे सगळं मुख्याधिकाऱ्यांकडेच मागायची सवय लोकांना लागली आहे. नव्या गटाराचा अर्ज नुसता विभागात दिला तर 'निधी उपलब्ध झाल्यावर कार्यवाही करण्यात येईल' एवढं एका ओळीचं उत्तर येतं आणि प्रकरण तिथेच थांबतं. त्याची एक प्रत नगरसेवकाला द्या आणि अंदाजपत्रकाच्या आधी द्या. अंदाजपत्रक फेब्रुवारीच्या सुमारास सभेपुढे येतं, म्हणजे मागणी दिवाळीनंतर लगेच गेलेली बरी.

काही कामं नगरपालिकेची नसतातच. गावातून जाणारा राज्य महामार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचा. विजेच्या तारा आणि ट्रान्सफॉर्मर महावितरणचे. मालमत्ता पत्रक, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, भूमी अभिलेख खात्याच्या नगर भूमापन कार्यालयात मिळतं. पाण्याचंही तसंच: अंबरनाथ, बदलापूर, यवतमाळ अशा गावांत पाणीपुरवठा महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडे आहे, नगरपरिषदेकडे नाही. पाण्याचं बिल कोणाच्या नावाने येतं ते बघितलं की प्रश्न सुटतो.

अर्ज एकच, विषय एकच

एका अर्जात गटार, कुत्री आणि घरपट्टी असं सगळं कोंबलं की तो अर्ज तीन विभागांत फिरतो आणि कुठल्याच विभागाला आपला वाटत नाही. तीन विषय, तीन कागद. मजकूर पाच-सहा ओळींचा पुरे: काय बिघडलं, नेमकं कुठे (जवळची खूण, खांब क्रमांक, व्हॉल्व्हची जागा), कधीपासून, किती घरांना त्रास आणि काय करून हवं. 'आमच्या भागात पाण्याची फार गैरसोय आहे' या वाक्यावर कुणालाच काही करता येत नाही. 'गल्ली क्र. 4 मधल्या शेवटच्या सात घरांना सोमवारपासून पंधरा मिनिटंच पाणी येतं, पहिल्या दहा घरांना पाऊण तास येतं' यावर येतं, कारण वॉलमन, म्हणजे व्हॉल्व्ह उघडून पाणी सोडणारा माणूस, लगेच सांगू शकतो की दोष कुठल्या व्हॉल्व्हच्या पुढे आहे.

अर्ज दोन प्रतींत. मूळ प्रत आवक-जावक विभागात द्यायची आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. याला पोहोच म्हणतात, आणि पुढच्या प्रत्येक पायरीला ती लागते. साहेबांच्या टेबलावर नेऊन दिलेला, 'बघतो' म्हणून ठेवून घेतलेला अर्ज कार्यालयाच्या लेखी आलेलाच नसतो. शिक्का नसेल तर अर्ज झाला असं समजू नका, भले समोरचा माणूस कितीही ओळखीचा असो.

घरपट्टी: आकडा कुठून येतो

बिलावरची रक्कम बघून हबकण्यापेक्षा ती कशी निघाली ते तपासावं. नगरपरिषदेत कर वार्षिक भाडेमूल्यावरून ठरतो. घराचं क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार (आरसीसी, म्हणजे सिमेंट-सळईचं, लोडबेअरिंग, म्हणजे भिंतींवर भार असलेलं, पत्र्याचं, मातीचं), भाग, वापर (राहता की व्यापारी) आणि बांधकामाचं वय यांवरून दर चौरस मीटरला महिन्याचं भाडं धरतात. त्याला बाराने गुणलं की वार्षिक भाडेमूल्य. त्यातून दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा केले की करयोग्य मूल्य. त्यावर पालिकेच्या ठरावाप्रमाणे कराचे टक्के, आणि वर वृक्षकर, अग्निशमन, शिक्षण कर वगैरे. शिक्षण कर आणि व्यापारी वापरावरचा रोजगार हमी कर हे राज्य शासनाचे. पालिका ते फक्त वसूल करून देते.

आकड्यांत मांडून बघू. समजा घर 60 चौ.मी. आहे, दर 15 रुपये चौ.मी. आणि कराचा टक्का 25. महिन्याचं भाडं 900, वर्षाचं 10,800. त्यातून 1,080 गेले, करयोग्य मूल्य 9,720. कर 2,430. आता मोजणाऱ्याने पुढचा उघडा ओटा आणि जिना धरून 72 चौ.मी. लिहिले, तर भाडेमूल्य 12,960, करयोग्य मूल्य 11,664 आणि कर 2,916. वर्षाला 486 रुपयांचा फरक. पण आकारणीची यादी साधारण चार वर्षांसाठी चालते (म्हणून तिला चतुर्वार्षिक आकारणी म्हणतात), म्हणजे एका टेपच्या चुकीचे 1,944 रुपये, वर उपकर वेगळे.

तेव्हा नोटीस आली की आकारणी उतारा मागून घ्या आणि त्यातल्या पाच गोष्टी बघा: लांबी-रुंदी, मजल्यांची संख्या, बांधकामाचा प्रकार, वापर, आणि स्वतःचा वापर की भाडेकरू. चुका ठरलेल्या जागीच होतात. हल्ली मोजणी खाजगी एजन्सीकडून होते. तिची माणसं दार बंद दिसलं की बाहेरून अंदाज बांधतात. घरात शिकवणीचे वर्ग दिसले की अख्ख्या घराला व्यापारी वापर लागतो. पत्र्याची शेड आरसीसीत जाते. भाडेकरू कधीच गेलेला असतो, पण त्याची नोंद राहते आणि चढा दर चालू राहतो. फूट आणि मीटर यांची गल्लत तर नेहमीची. 1 चौ.मी. म्हणजे 10.76 चौ.फूट, 600 फुटांचं घर 55.74 चौ.मी. भरतं, 60 नव्हे.

आकारणीची यादी तयार झाल्यावर पालिका जाहीर सूचना काढते आणि हरकतींसाठी किमान 30 दिवस देते. या महिन्याभरात लेखी हरकत द्यायची. मोजमापाचा साधा नकाशा हाताने काढला तरी चालतो. सोबत बांधकाम परवान्याची प्रत, वीजबिल (घरगुती दराचं असेल तर राहत्या वापराचा चांगला पुरावा) आणि घराचे फोटो जोडा. 'कर जास्त आहे, कमी करावा' असं लिहू नका. 'क्षेत्रफळ 72 ऐवजी 60 चौ.मी. करावे, कारण ओटा 2 × 4 मी. व जिना 4 चौ.मी. धरला आहे' असं लिहा. सुनावणीला बोलावतात तेव्हा एका माणसाला दोन-तीन मिनिटंच मिळतात. त्यात आकड्याला आकडा लागतो, गाऱ्हाण्याला जागा नसते. फेरमोजणी मागितली तर त्या दिवशी घरी थांबा आणि मोजणीच्या कागदावर आकडे बघूनच सही करा.

हरकतीची मुदत गेली की वाट अरुंद होते. मग अपील, आणि त्यासाठी आधी बिलाची रक्कम भरावी लागते. म्हणून वाद चालू असला तरी 'हरकतीस अधीन राहून' असा अर्ज देऊन पैसे भरून टाकावेत. न भरल्यास थकबाकीवर दरमहा 2 टक्के शास्ती, म्हणजे दंड, चढते, म्हणजे वरच्या 2,430 रुपयांवर वर्षभरात 583 रुपये. अधूनमधून शास्तीमाफीची अभय योजना येते खरी, पण तिची वाट बघत बसणारे लोक फेब्रुवारी-मार्चमध्ये वसुली पथक नळ तोडायला आलं की धावत येतात, आणि मग शास्तीबरोबर नळ पुन्हा जोडायचा खर्चही भरतात.

पैसे भरल्यावर पावती तिथेच वाचा. मालमत्ता क्रमांक बरोबर आहे का, रक्कम चालू मागणीत गेली की थकबाकीत, आणि शिल्लक शून्य दिसते का. ऑनलाइन भरल्यावर रक्कम खात्यातून गेली पण पावती आली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. व्यवहार क्रमांक घेऊन कर विभागात जा.

नाव लावणं

घर विकत घेतलं तर खरेदीखत आणि सूची क्र. 2 (दस्त नोंदणीचा उतारा, इंडेक्स टू), वारसाने आलं तर मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र किंवा वारस प्रमाणपत्र आणि इतर वारसांची संमती, शिवाय थकबाकी नसल्याचा दाखला. अर्ज अडतो तो बहुतेक वेळा थकबाकीवर किंवा एखाद्या बहिणीच्या सहीवर. तिची सही 'नंतर आणून देतो' म्हटलं की ते प्रकरण वर्षभर फायलीत पडतं.

एक गोष्ट मात्र पक्की समजून घ्या. पालिकेच्या यादीत नाव असणं म्हणजे मालकी नव्हे. ती नोंद कर कोणाकडून घ्यायचा यासाठी आहे. मालकीसाठी दस्त, सात-बारा किंवा मालमत्ता पत्रक बघतात. तसंच, विनापरवाना खोलीला घरपट्टी लागली म्हणून ती खोली नियमित होत नाही, हे तर बिलावरच छापलेलं असतं.

नवा नळ

नळजोडणीच्या अर्जाला घरपट्टीची चालू पावती, मालकीचा किंवा मालकाच्या संमतीचा कागद, ओळखपत्र आणि जागेचा कच्चा नकाशा लागतो. त्यानंतर पाणीपुरवठा विभागाचा माणूस जागा पाहतो, मागणीपत्र मिळतं, अनामत, जोडणी शुल्क आणि रस्ता खोदाईचे पैसे भरायचे, आणि मग काम परवानाधारक प्लंबरकडून करून घ्यायचं. दर प्रत्येक पालिकेचे वेगळे, सभेच्या ठरावाने ठरलेले. दरपत्रक मागितलं की दाखवावं लागतं. खोदाईचे पैसे डांबरी, काँक्रीट आणि कच्च्या रस्त्याला वेगवेगळे असतात. रस्ता नवा होणार असेल तर तो होण्याआधी जोडणी घ्या, कारण नव्या काँक्रीटला लगेच हात लावायची परवानगी सहसा मिळत नाही.

कामाच्या दिवशी हजर राहावं आणि पुढच्या गोष्टी डोळ्यांनी बघाव्यात. मुख्य वाहिनीला सॅडल, म्हणजे पट्टा, आवळून त्यातून भोक पाडतात आणि पितळी फेरूल, म्हणजे घराचा पाईप जिथून निघतो तो जोड, बसवतात. फेरूल परवान्यातल्या मापाचीच हवी. घरगुती नळ बहुधा अर्धा इंची, म्हणजे 15 मि.मी. मोठी फेरूल गुपचूप टाकून देणारे प्लंबर असतात, पण पुढे तपासणीत ती सापडते आणि दंड मालकाला होतो. फेरूलपासून घरापर्यंतचा पाईप वाहनांच्या रस्त्याखाली अडीच-तीन फूट खोल जावा. जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी, पाईप ओल्या, गटाराच्या जमिनीत काही वर्षांत सडतो. एकसंध निळा एमडीपीई (प्लास्टिकचा) पाईप बरा, मध्ये जोड नसतो आणि जोड नसला की गळतीची जागाही नसते.

सगळ्यात जपायचं ते गटार. घर आणि वाहिनी यांच्यामध्ये बहुतेक ठिकाणी उघडं गटार असतंच, आणि पाईप त्यातून लोंबकळत नेणं प्लंबरला सोपं जातं. तसं करू देऊ नका. पाईप गटाराच्या तळाखालून न्यायचा असेल तर मोठ्या पाईपाच्या आवरणात घालून, नाहीतर गटाराच्या वरून आधार देऊन. या एका ठिकाणचे दीडदोनशे रुपये वाचवल्यामुळे गल्लीत कावीळ होते, ही अतिशयोक्ती नाही. कारण पुढे येतंच आहे.

मीटर असेल तर त्यावरचा बाण पाण्याच्या दिशेने, तबकडी वर, मीटर आडवा. मीटरच्या आधी पाईपाच्या व्यासाच्या दहापट, म्हणजे अर्ध्या इंचीला साधारण सहा इंच, सरळ पाईप सोडावा. लगेच वाकण असेल तर मोजणी चुकते. पाणी ठरावीक वेळीच येतं अशा गावात आधी पाईपातली हवा बाहेर पडते आणि तीही मीटर फिरवते. पाणी यायच्या वेळेआधी तोटी उघडी टाकून फुसफुस ऐकत बसू नका, धार लागली की उघडा.

पाणी कमी येतंय

बोलण्याआधी मोजा. पंधरा लिटरची बादली आणि मोबाईलचं घड्याळ पुरे. बादली एका मिनिटात भरली तर मिनिटाला 15 लिटर. पाऊण तास पाणी राहिलं तर 675 लिटर. घरात पाच माणसं असतील तर माणशी 135. भुयारी गटार असलेल्या गावाला नियोजनात माणशी रोज 135 लिटर धरतात, नसेल तिथे 70. तुमचा आकडा त्याच्या शेजारी लिहिला की तक्रारीला वजन येतं. दिवसाआड पाणी येत असेल तर दोनाने भागायला विसरू नका.

मग शेजारी विचारा. तुमच्याच घरी कमी येत असेल तर दोष तुमच्या जोडणीत: फेरूल गंजाने किंवा क्षाराने भरली, स्टॉप कॉक अर्धा बंद, पाईप चेपला. गल्लीच्या शेवटी सगळ्यांनाच कमी येत असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडत नाही, मध्ये गळती आहे किंवा वरच्या घरांनी टुल्लू पंप लावलेत. अख्ख्या झोनला कमी असेल तर टाकी भरली नव्हती; ते बहुधा वीज गेल्यामुळे उपसा कमी झाला म्हणून होतं. वॉलमनला 'टाकी किती फूट होती' असं विचारावं. त्याला तो आकडा माहीत असतो, कारण त्यावरच त्याचा दिवस ठरतो.

टुल्लू पंप थेट नळाला लावणं बेकायदा आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. तो शेजाऱ्याचं पाणी ओढतो हेही ठाऊक असतं. तो गटाराचं पाणीही ओढतो, एवढं मात्र कुणी लक्षात घेत नाही.

गढूळ किंवा वासाचं पाणी

नळाला चोवीस तास दाब असेल तर फुटक्या पाईपातून पाणी बाहेर पडतं, बाहेरची घाण आत येत नाही. दिवसाला तास-दीड तास पाणी सोडलं की उरलेला वेळ वाहिनी रिकामी असते. गटारात बुडालेल्या सडक्या पाईपातून सांडपाणी आत झिरपतं आणि दुसऱ्या दिवशी पाणी सुटलं की पहिल्या धारेत घरात येतं. त्यात कुणी पंप लावला तर वाहिनीत पोकळी तयार होते आणि शोषण दुप्पट. कराडजवळच्या मलकापूरने मीटर बसवून चोवीस तास पाणी दिलं, त्याचा हाही एक फायदा आहे, नुसती सोय नव्हे.

घाण पाणी दिसलं की या क्रमाने चालावं. पहिली दहा मिनिटं पाणी सोडून द्या. तरी वास राहिला तर तीन घरं तपासा: तुमचं, आधीचं, पुढचं. फक्त तुमच्याकडे असेल तर तुमचा पाईप गटारात उघडा पडलेला आहे, तो बदलणं तुमच्याकडे. तुमच्यापासून पुढच्या सगळ्या घरांना असेल तर दोष तुमच्या घराच्या आसपास मुख्य वाहिनीत, आणि ही एक ओळ पाणीपुरवठा विभागाची अर्धी खोदाई वाचवते.

मग ओ.टी. चाचणी. पालिकेच्या किंवा आरोग्य केंद्राच्या माणसाकडे ऑर्थोटोलिडिनची बाटली आणि रंगांची पेटी असते. नळीत खुणेपर्यंत पाणी, त्यात थेंब, हलवायचं आणि लगेच रंग बघायचा. पिवळा रंग म्हणजे क्लोरीन आहे. नळाच्या टोकाला लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम हवं. रंगच आला नाही तर दोन शक्यता: टाकीवर टीसीएल (ब्लीचिंग पावडर) कमी पडलं, किंवा वाटेत घाण मिसळून तिने क्लोरीन खाऊन टाकलं. टाकीजवळच्या नळाला पिवळं आणि तुमच्याकडे पांढरं आलं तर दुसरी. नमुना घराच्या टाकीतला नको, थेट नळाचा हवा. टाकीत साठलेल्या पाण्यातून क्लोरीन उडून गेलेलं असतं आणि मग उगाच टाकीवरच्या माणसाला दोष जातो. चाचणीचं पाणी ओतून द्यायचं, प्यायचं नाही.

टीसीएल पावडर ताजी असेल तर तिच्यात 33 टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं, पण पोतं उघडं किंवा ओलं राहिलं की ते झपाट्याने उतरतं. एक लाख लिटर पाण्याला लिटरमागे 1 मिलिग्रॅम मात्रा द्यायची तर 100 ग्रॅम क्लोरीन लागतं. 33 टक्क्यांची पावडर 300 ग्रॅम, 25 टक्क्यांची 400 ग्रॅम. वजन तेच, पोतं जुनं, असं झालं की मात्रा गुपचूप घटते. पावडर थेट टाकीत ओतायची नसते. बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन वरची निवळी टाकायची आणि पाणी सोडण्याआधी किमान अर्धा तास थांबायचं.

जंतूंच्या तपासणीसाठी नमुना घरच्या बाटलीत नेऊन उपयोग नाही. निर्जंतुक बाटली लागते, तीत क्लोरीन मारणारं औषध आधीच घातलेलं असतं, ते धुऊन टाकायचं नाही. नमुना थंड ठेवून 24 तासांत सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेत पोहोचला पाहिजे. बाटली आणि नमुना घेणारा माणूस पालिकेकडून किंवा आरोग्य खात्याकडून मागा, आणि अहवालाची प्रत मिळावी असं अर्जात तेव्हाच लिहा.

दुरुस्ती झाल्यावर आपली टाकीही धुवायची राहते. हजार लिटरच्या टाकीला घासून झाल्यावर भरून 150 ते 200 ग्रॅम टीसीएलची निवळी घाला, सगळ्या तोट्यांतून वास येईपर्यंत पाणी सोडा, रात्रभर ठेवा आणि सकाळी सगळं पाणी टाकून द्या. हे पाणी प्यायचं नाही, झाडांनाही घालू नये.

दिवे आणि घंटागाडी

दिव्याच्या तक्रारीत खांब क्रमांक लिहा. एकच दिवा बंद असेल तर फिटिंग किंवा जोड. ओळीने सगळे बंद असतील तर नियंत्रण पेटीतला टायमर किंवा फेज. दिवसा दिवे जळत असतील तरी टायमरच. हे एवढं सांगितलं तर तारतंत्री शिडी घेऊन येईल की पेटीची किल्ली, हे त्याला निघण्याआधी कळतं.

कचऱ्याचं आरोग्य विभागाकडे, स्वच्छता निरीक्षक आणि त्यांच्या हाताखालचे मुकादम. घंटागाडी येत नसेल तर वार आणि वेळ लिहून द्या. गाड्यांना बहुधा जीपीएस असतं आणि ठेकेदाराचं बिल फेऱ्यांवर निघतं, त्यामुळे लेखी तक्रार ठेकेदाराला झोंबते. ओला-सुका वेगळा दिल्याने काय होतं ते बघायचं तर कचरा वर्गीकरणासाठी नावाजलेल्या वेंगुर्ल्याला जाऊन या.

दाखले

जन्म-मृत्यूची नोंद घटना जिथे झाली तिथल्या पालिकेत, 21 दिवसांत, विनाशुल्क. त्यानंतर 30 दिवसांपर्यंत विलंब शुल्क, वर्षापर्यंत लेखी परवानगी, वर्षानंतर दंडाधिकाऱ्यांचा आदेश. दवाखान्यात जन्म झाला तर दवाखाना कळवतो, पण आई-बापाच्या नावाचं स्पेलिंग तिथल्या फॉर्मवर जसं पडेल तसंच दाखल्यावर येतं. डिस्चार्जच्या आधी तो फॉर्म आधार कार्डाशी ताडून बघा. 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्यांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत हाच दाखला चालवायचा आहे. बाळाचं नाव ठरलं नसेल तरी नोंद थांबवू नका. नाव वर्षभरात विनाशुल्क घालता येतं.

उत्तर आलं नाही तर

2015 च्या लोकसेवा हक्क अधिनियमाखाली ठरावीक सेवांना मुदत आहे. जन्म-मृत्यूचा दाखला, आकारणी उतारा, थकबाकी नसल्याचा दाखला यांना 3 दिवस. नाव हस्तांतरण आणि नळजोडणीला 15. सेवा, मुदत, शुल्क आणि अपील अधिकारी यांचा फलक कार्यालयात लावणं बंधनकारक आहे. त्याचा फोटो काढून ठेवा. अर्ज 'आपले सरकार' संकेतस्थळावरून किंवा विहित नमुन्यात दिलेला असावा. मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला की 30 दिवसांत पहिलं अपील, मग दुसरं, आणि शेवटी लोकसेवा हक्क आयोग. कसूर ठरली तर अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होतो. पण कागदपत्रं अपुरी असतील तर मुदत धरत नाहीत, म्हणून अर्ज देतानाच 'कागदपत्रे पूर्ण' अशी नोंद पोहोचेवर मागा.

गटार, रस्ता, गळती या तक्रारींसाठी माहितीचा अधिकार जास्त कामाचा. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, साधारण 150 शब्दांच्या आत. उत्तराला 30 दिवस, प्रतीला पानामागे 2 रुपये. उत्तर नाही आलं तर 20 रुपयांच्या स्टॅम्पवर पहिलं अपील. 'गटाराचं काम का झालं नाही?' असं विचारू नका. 'का' हा प्रश्न माहितीत बसत नाही आणि तेवढ्यावर अर्ज निकालात निघतो. कागद मागा: 'आवक क्र. अमुक, दिनांक अमुक या अर्जावर झालेल्या कार्यवाहीच्या सर्व टिपण्यांच्या प्रती द्याव्यात.' रस्ता किंवा गटार नुकतंच होऊन उखडलं असेल तर कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची पानं, अंतिम देयक आणि दोषदायित्व कालावधीचं, म्हणजे कामातल्या दोषाला ठेकेदार किती काळ जबाबदार त्याचं, कलम मागा. तो कालावधी चालू असेल तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते, आणि त्याची अनामत पालिकेकडे अजून अडकलेली असते.